तिसऱ्या जागेचा आकडा

खाणीवर नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी ठसेघरात पाठवत. पत्र्याची एक लांबट खोली, एका अंगाला खिडकी, खिडकीखाली ऐरण आणि ऐरणीमागे नऊकाका. माणसानं नाव सांगायचं नाही, कुळ सांगायचं नाही. कचेरीतून आणलेली चिठ्ठी पुढं करायची आणि गप उभं राहायचं. काका चिठ्ठीवरचे सहा आकडे वाचत, ओठ हलवत, क्षणभर डोळे मिटत, मग सातवा आकडा आपल्या हिशेबानं ठरवत आणि पितळेच्या बिल्ल्यावर सातही ठसे उठवत. एका ठशाला हातोडीचा एकच घाव. ज्याला दुसरा घाव घालावा लागतो तो ठसेवालाच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ऐकल्याशिवाय कुणाला बिल्ला मिळत नसे.

त्या सातव्या आकड्याला काका राखणदार म्हणत. पहिले दोन आकडे खाणीचे आणि थराचे, तिसरा कामाचा, पुढचे तीन त्या माणसाचे स्वतःचे. एवढे कचेरीचे. राखणदार मात्र काकांचा. सातही आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसली पाहिजे, एवढीच त्याची चाकरी. माणसं खालून वर येत तेव्हा बिल्ले काजळीनं माखलेले असत. खालचे कंदील जमा होत त्या कंदीलखोलीतली बाई बिल्ला फडक्यानं पुसून आकडे मोठ्यानं वाची, बेरीज करी, आणि बेरीज नवात बसली नाही की खेकसे, "परत पूस, राखणदार भुंकतोय!" एकाला कुणी सात वाचलं, तिनाला आठ वाचलं, तर तो भुंकणारच. खाली किती गेले आणि वर कोण कोण आले यात या खाणीत कधी घोळ झाला नव्हता. एखाद्या जुन्या बिल्ल्यावरचा एक आकडा झिजून गेला तरी काका उरलेल्या सहांची बेरीज करून गेलेला आकडा सांगत आणि मिशीतल्या मिशीत हसत. ही विद्या त्यांना त्यांच्या उस्तादानं दिली होती. नऊकाका हे नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती केव्हाच वारली होती.

शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. पण आकड्यावाचून त्यांना करमत नसे. हात ठसे मारत आणि डोकं आकडे सोलत बसे. सोलणं हाही त्यांचाच शब्द. आकडा घ्यायचा, दोन जातो का पाहायचं, जाईल तितक्या वेळा घालवायचा, मग तीन, मग पाच, मग सात. शेवटी आत काय उरतं ते पाहायचं. एक उरला तर आकडा पुरता सोलला गेला. कधी मात्र आत असं एखादं आडदांड धूड सापडे की त्याला कशानंच भाग जात नसे.

बिल्ला हातात देताना ते त्या माणसाला त्याच्या आकड्याचा स्वभाव सांगत. "तुझ्यात सतरा निघाला रे, जपून राहा." नाहीतर, "सासऱ्याला जाऊन सांग, जावयाच्या पोटात एकोणतीस आहे." माणसं हसत, पण लक्षात ठेवत. खाली अंधारात जेवताना कुणाच्यात काय आहे यावर पैजा लागत.

काकांचा धाकटा भाऊ याच खाणीत सुरुंगवाला होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता. काकांनीच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, पहिला बिल्लाही त्यांच्याच हातचा. त्याचा आकडा ४६९५७६८. तिसरा नऊ हा सुरुंगाच्या कामाचा.

"दादा, माझ्यात काय निघालं?" त्यानं त्या दिवशी विचारलं होतं.

"तू पुरता सोलला गेलास," काका म्हणाले. "दोन तीनदा, तीन दोनदा, सात दोनदा आणि अकरा तीनदा. संपला तू. आत काही नाही."

"म्हणजे सरळ माणूस!"

"म्हणजे पोकळ. दिसेल त्याच्याशी दोस्ती करणारा. दारात कुणीही आलं की तुला भाग गेलाच म्हणून समज."

हे खरं होतं. धाकट्याच्या घरी कायम कुणीतरी जेवायला असे. भावजय कपाळाला हात लावी आणि आणखी एक ताट वाढी.

त्याच थरात गाडी ढकलणारा एक गडी होता. बोलायला जीभ जड, म्हणून त्याला सगळे मुक्या म्हणत. ढकलगाडीच्या कामाला शून्य असे, आणि त्याच्या स्वतःच्या तीन आकड्यांची जुळणी नेमकी धाकट्यासारखीच पडली होती. ४६०५७६८. दोघांत फरक एका तिसऱ्या जागेचा. राखणदारसुद्धा दोघांचा आठच. खाणीनं लगेच त्यांना जुळे भाऊ ठरवून टाकलं, आणि गंमत म्हणजे ते खरंच तसे राहू लागले. धाकटा सुरुंग लावी, मुक्या त्याचा दगड वाहून नेई. अंगकाठी एकच, वयही जवळपास एकच. धाकटा दिवसभर बोले आणि मुक्या दिवसभर ऐके.

मुक्याच्या आकड्यानं मात्र काकांना दमवलं. दोन तीनदा गेला, तीन तीनदा गेला, आणि आत उरला २१३२३. त्याला सात जाईना, अकरा जाईना, तेरा जाईना. काका चिडले. कामाच्या मध्ये, जेवताना, नळावर उभं असताना ते त्याला एकेक आकडा लावून पाहत होते. एकशे एकोणचाळीसपर्यंत गेले तेव्हा थांबले. त्यापुढच्या कुणाचा भाग जायचा असता तर त्याचा लहान जोडीदार आधीच वाटेत भेटला असता. म्हणजे हा गडी कुणालाच दाद देणारा नव्हता.

"तुझ्या पोटात एक एकलकोंडा बसलाय," त्यांनी मुक्याला सांगितलं. "एकवीस हजार तीनशे तेवीस. त्याला कुणी फोडू शकत नाही."

मुक्या कधी नव्हे तो हसला. घरी जाऊन त्यानं ते आपल्या म्हाताऱ्या आईला सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं. पुढं कितीतरी दिवस ती बाजारात लोकांना सांगत होती, माझ्या पोराला कुणी फोडू शकत नाही.

खाणीच्या कचेरीत एक नकाशे काढणारी मुलगी होती. शिकलेली, पण ठसेघरात येऊन तासभर बसणारी. तिला काकांचं सोलणं आवडे. एकदा ती म्हणाली, "काका, तुमच्या राखणदाराला एक खोड आहे. शून्याच्या जागी नऊ आला किंवा नवाच्या जागी शून्य, तर तो भुंकणार नाही. बेरीज नवातच राहते."

"शून्य आणि नऊ यांत कोण आंधळा घोटाळा करेल, गं? एक नुसतं कडं, दुसऱ्याला शेपूट."

"तरी पण. अकराचा राखणदार ठेवा. एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं टोकापर्यंत. तो एकही चूक सोडत नाही."

"आणि राखणदार दहा आला तर? दहाचा ठसा कुठून आणू? एका जागेवर दोन ठसे मारू?" काका हातोडी पुसत म्हणाले. "कंदीलखोलीतल्या बाईला सरळ बेरीज जमते तेच पुष्कळ. मिळव आणि वजा कर करत बसली तर माणसं दारातच म्हातारी होतील. माझ्या उस्तादाचा नऊ आहे पोरी. तो काय कमी माणसं राखून आहे?"

ती आपले नकाशे गोळा करून उठली. काकांचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून त्यांनाही ते जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चौथ्या खाणीत सहाव्या थराला आग लागली. सुरुंग नेहमीसारखा वाजला होता, पण त्याच्या पाठोपाठ जो आवाज आला तो नेहमीचा नव्हता. माणसं खोकत वर आली. कंदीलखोलीतल्या बाईनं एकेक बिल्ला पुसला, वाचला, बेरीज केली. राखणदार एकदाही भुंकला नाही. शेवटी बिल्ले टांगायच्या भिंतीवर दोन खुंट्या रिकाम्या राहिल्या. धाकट्याची आणि मुक्याची.

बचाववाले ओल्या चादरी गुंडाळून खाली उतरले. एक देह त्यांनी वर आणला. दुसरा पलीकडे होता, पण त्यांच्या डोळ्यांदेखत छत खाली बसलं आणि मागून धूर आला. आग कोळशात शिरली होती. सकाळपर्यंत आग कोंडायला बोगद्याच्या तोंडाशी विटांची भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडे जे राहिलं ते आता कायमचं तिथलंच, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

वर आणलेला देह कुणाचा, हे मात्र कळेना. डॉक्टरांनी पांघरूण वर करून पाहिलं आणि पुन्हा टाकलं. बायकांना आत येऊ दिलं नाही. कमरेच्या पट्ट्याचा जळका तुकडा आणि त्याला चिकटलेला बिल्ला, एवढंच काय ते बोलणारं उरलं होतं. बिल्ल्यावर दगड बसला होता. ४, ६, मग चेंगरून आत मुडपलेलं पितळ, मग ५७६८.

मॅनेजरसाहेबांनी बिल्ला ठसेघरात पाठवला. काकांनी तो खिडकीत धरला. भिंगातून पाहिला. उलटा करून पाहिला, कारण ठसा बसला की पाठीमागं किंचित फुगवटा येतो. पाठही खरवडली गेली होती. मग त्यांनी काडीनं तेजाबाचा थेंब टाकला. घावाखालचं पितळ दबलेलं असतं, तेजाबात ते कधी कधी आपली खूण दाखवतं. पितळ फेसाळलं, हिरवं झालं, आणि काहीच दाखवलं नाही. बेरीज त्यांनी बिल्ला हातात येताक्षणीच केली होती. चार, सहा, पाच, सात, सहा, आठ. छत्तीस. नवात आधीच बसलेली. शून्य ठेवा, छत्तीस. नऊ ठेवा, पंचेचाळीस. राखणदार दोघांनाही शेपूट हलवत होता.

कचेरीत सगळे जमले होते. साहेब, डॉक्टर, नकाशेवाली, भिंतीला टेकलेली भावजय आणि बाकावर मुक्याची म्हातारी आई. दोघींना समजलं होतं की एकीलाच कुणीतरी मिळणार आहे.

"काका," साहेब हळू म्हणाले, "गेलेला आकडा तुम्ही बेरजेवरून सांगता ना? सांगा. एकदा सांगून टाका. बायकांना असं किती ताटकळत ठेवायचं?"

"शून्य असेल, नाहीतर नऊ," काका म्हणाले.

"ते आम्हालाही ठाऊक आहे हो. त्यातला कुठला?"

"ते बेरीज सांगत नाही."

मग नकाशेवाली पुढं झाली. तिचे डोळे सुजलेले होते. "काका, अकरा लावून पाहिलात?" तिनं विचारलं. तिला काय वाटत होतं कोण जाणे, काहीतरी मदत व्हावी एवढंच असावं.

काकांनी पाहिलं होतं. पाहण्याची गरजही नव्हती. त्या दोन आकड्यांबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं असं काही उरलं नव्हतं. "नऊ ठेवला तर अकरा जातो," ते म्हणाले. "शून्य ठेवला तर जात नाही."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं की! नऊच. निकाल लागला."

भावजयीनं पदर तोंडात धरला. हुंदका आला तो दुःखाचा होता, पण त्यात कुठंतरी पाय टेकल्यासारखंही काही होतं. आता तिला माती द्यायला माणूस मिळाला होता. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढून कागद पुढं ओढला.

आणि बाकावरून म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकाला काहीच जात नाही ना हो, काका? तो सांगायचा. अकराही जात नसेल मग." ती भांडत नव्हती. समजून घेत होती.

काका गप्प उभे होते. तसेच उभे राहिले असते तर सगळं पार पडलं असतं. कुणी विचारलं नसतं, कुणाला कळलं नसतं, नकाशेवालीखेरीज. तिनं खाली घातलेली मान वर केली नव्हती. बहुधा तिच्याही ध्यानात आलं होतं.

"साहेब, थांबा," काका म्हणाले. "अकरा मी बिल्ल्यांना लावलाच नव्हता."

"म्हणजे?"

"नऊ मी मुद्दाम घातलाय, प्रत्येक बिल्ल्यात. अकरा कुणात असला तर तो आपोआप पडलेला. माझ्या भावात तीनदा पडलाय, ते त्याचं नशीब. भिंतीवरचे बाकीचे बिल्ले काढून अकरा लावा, बहुतेकांना जाणार नाही. मग ती माणसं काय या खाणीची नव्हेत? चेंगरलेल्या जागी नऊ घातला की आकडा माझ्या भावाचा होतो, आणि माझ्या भावाच्या आकड्याला अकरा जातो. म्हणून तिथं नऊच होता, असं होत नाही. मी आधी भाऊ घातला आणि मग भाऊच बाहेर काढला."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं.

बाहेरच्या पायरीवर भावजयीनं त्यांना गाठलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"दादा, तोंड उघडायची काय गरज होती? साहेब स्वतःहून म्हणाले नऊ. तुम्ही नुसतं गप्प बसायचं होतं."

"ते खोटं झालं असतं."

"खोटं?" ती जवळ आली. "तुम्हाला ठाऊक आहे का ते खोटं आहे म्हणून? सांगा ना. ठाऊक आहे? तो आत झोपलेला माणूस तुमचा भाऊ नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा."

काकांचा हात छातीपर्यंत गेला आणि खाली आला.

"मग कदाचित खरं होतं ते," ती म्हणाली. "कदाचित तुम्ही खऱ्यालाच हाकलून दिलंत, दादा."

ती निघून गेली. इतक्या वर्षांत कुणी काकांच्या हिशेबात अशी चूक काढली नव्हती, आणि ती चूक होती की नव्हती हेही त्यांना सोडवता येईना.

खाणीत गेलेल्या माणसाला खाणीमागच्या उतारावर पुरत आणि डोक्याशी पितळेची पाटी लावत. पाटी काकांनीच करायची. साहेब म्हणाले, काहीही करा, पण आता मिटवा. काकांनी पाटी ऐरणीवर घेतली आणि ठसे मारले. ४६, मग एका ठशाएवढी कोरी जागा, मग ५७६८. खोटं एक अक्षर नाही. दोघी बायकांनी एकाच खड्ड्यात माती टाकली, एकमेकींकडे न पाहता. धाकट्याचा लहानगा विचारत होता की बाबा यात आहेत का.

कामावर राखणदार बदलला. नकाशेवालीनं अकराची पद्धत कंदीलखोलीतल्या बाईला समजावून दिली. ती अवघड होती, पण बाईनं ती न कुरकुरता शिकून घेतली. राखणदार दहा आला की काका चिठ्ठी कचेरीत परत पाठवत, माणसाला दुसरा आकडा द्या म्हणून. इतकं सोपं होतं ते. नव्या माणसाला बिल्ला मुकाट्यानं मिळू लागला. कुणाच्या पोटात काय आहे, हे काका आता सांगत नसत, आणि कुणी विचारतही नसे.

भावजय त्यांच्याशी बोलत नव्हती. जेवण मात्र पाठवी, शेजाऱ्याच्या हातून, झाकून. उतारावर ती जाई. म्हातारीही जाई. एकदा काका वर गेले तेव्हा म्हातारी पाटीशी बसली होती. आकडे तिला वाचता येत नव्हते. ती बोटानं चाचपत होती. चार, सहा, आणि मग बोट कोऱ्या जागेत येऊन थांबलं.

"इथं काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे माझाच ना हो, काका? त्याचं शून्य होतं ना? शून्य म्हणजे काही नाही."

मागं भावजय उभी होती, हे काकांना तेव्हाच कळलं. तिनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी तोंड उघडलं.

"बघितलंत, दादा? जो येतो तो हेच म्हणतो. मोकळी जागा म्हणजे शून्यच. तुम्ही इथूनही तुमच्या भावाला बाहेर काढलंत."

काकांनी पाटीकडे पाहिलं. आयुष्य आकड्यांत गेलं आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कोऱ्या जागेलाही किंमत असते. ती वाचणारा वाचतोच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते उतारावर गेले. खिशात दोन ठसे, हातात हातोडी. दोघींनाही बोलावणं धाडलं होतं, आणि दोघीही लांब लांब उभ्या होत्या. काकांनी पाटीखाली लोखंडाचा ठोकळा सरकवला. कोऱ्या जागेवर आधी शून्याचा ठसा धरला आणि एक घाव घातला. म्हातारीनं मान हलवली. मग त्याच जागी, त्याच्याच अंगावर, त्यांनी नवाचा ठसा धरला.

हातोडी वर गेली आणि थोडा वेळ वरच राहिली. एका जागेवर दोन ठसे त्यांनी जन्मात मारले नव्हते. मग ती खाली आली.

पितळ फाटलं, कड्यात शेपूट घुसलं, दोन्हींच्या रेघा एकमेकींत गेल्या. आता तिथं काय आहे हे कुणालाच वाचता आलं नसतं. काकांनी खाली वाकून त्यावर फुंकर मारली आणि ओळखलं. ती जागा आता हुबेहूब त्या चेंगरलेल्या बिल्ल्यासारखी दिसत होती.

म्हातारी पुढं आली आणि तिनं बोटानं चाचपत कड्याची वाटोळी कड शोधली. भावजयीनं तिचं बोट बाजूला होईपर्यंत वाट पाहिली. मग तीही खाली बसली आणि शेपूट शोधू लागली.

काका हातोडी घेऊन उतार उतरले. कामाची वेळ झाली होती.